नाडीवर मोजलेला हशा

१३ नोव्हेंबर १९६०, रविवार. थंडी जोर धरायच्या आत गोधड्या उसवून, धुवून पुन्हा टाचायच्या म्हणून सकाळीच अंगणात बसले. तिसऱ्या गोधडीच्या आतल्या थरात एक लाल कापड निघालं. विटलेलं, पण ओळखू येण्याजोगं. जालन्याच्या नाटकात विधवेचं काम करणाऱ्या मुनिमाला नेसायला दिलेलं लुगडं. ते फाटल्यावर मीच गोधडीत घातलं असणार. कापड वाया घालवायची मला सवय नाही. ते धुऊन वाळत टाकलं आणि ठरवलं, की आज मास्तरांबद्दल लिहून काढायचं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्यावर कोणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही, आणि माझ्यावर तर त्यांचे उपकार आहेत.

मास्तर जालन्याच्या हायस्कुलात गणित शिकवत. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकवलं, ते राज्य गेल्यावर मराठीतून. "जबान बदलली तरी सात आठे छप्पन्नच ऱ्हातात," असं म्हणून त्यांनी तो सगळा बदल एका वाक्यात संपवला होता. अंगात बारा महिने शेरवानी, आणि तिचं गळ्यापाशीचं बटण वैशाखातही लावलेलं. एका खिशात खडू, दुसऱ्यात फुटाणे. मुलानं गणित बरोबर सोडवलं की त्याला एक फुटाणा. चुकलं की तो फुटाणा मास्तर स्वतः खात. शाळेत म्हणत, पोरं चुकतात म्हणून मास्तरांचं एका वेळचं जेवण वाचतं.

मुलांनी, शिक्षकांनी, अगदी हेडमास्तरांनीही त्यांच्याशी मोठ्यानं बोलायचं असा त्यांचा कायदा होता. "कुजबुजून बोलणारा मानूस एक तर चोर असतो, न्हाई तर दलाल," असं ते म्हणत. त्यांच्या वर्गातले पाढे पार बाजारात ऐकू जात. सगळ्यांना वाटे, काय शिस्त आहे!

लग्न केलेलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणत, "अर्ज दिला आहे. मंजुरी आली न्हाई." अर्ज कोणाकडे दिला आहे, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

असा हा माणूस दरवर्षी एक नाटक बसवी, आणि तेही दरवर्षी तेच. तीन अंकी, जुनं, विनोदी. एक वडील आहेत, त्यांची थोडीफार शिकलेली मुलगी आहे. वडिलांनी तिच्यासाठी पैसेवाला जावई हेरून ठेवलाय, आणि तिचं मन भलत्याच माणसावर आहे. हा माणूस गाण्याचा शिक्षक बनून घरात शिरतो. मग चोरून पत्रं, पडद्याआड लपणं, आणि शेवटी लग्न. शेजारी एक विधवा दाखवली आहे. ती लपून वेणीत फूल माळते आणि वडिलांच्या कारकुनावर जीव टाकते. दुसऱ्या अंकात ती पदर सावरत म्हणते, "माझ्याही जिवाला कुणी विचारावं की नाही?" आणि तो कारकून घाबरून पळ काढतो. एवढंच तिचं काम. ते एका आडतीवरचे जाडजूड मुनीम करत. नाटकापुरती मिशी काढत आणि पुढचा महिनाभर रुमालानं ओठ झाकून आडतीवर बसत.

कापसाचा हंगाम संपून जिनिंगची शेड रिकामी झाली, की तिथं नाटक व्हायचं. पहिल्या दिवशी संध्याकाळी पुरुषांसाठी, दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता फक्त बायकांसाठी. वरती तापलेले पत्रे, खाली सतरंज्या, हवेत अजून कापसाचे तंतू. तरी बायका लेकरं काखेला मारून दोन वाजल्यापासून येऊन बसत.

आता वहीबद्दल. मास्तर नाटक बघत नसत, नाटक ऐकतही नसत. ते हशा मोजत. बाजूच्या पडद्यामागं स्टूल टाकून, प्रेक्षक दिसणार नाहीत असे बसत, विनोदाची जागा आली की डोळे मिटत, आणि डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवत. लोक हसायला लागले की नाडीचे ठोके मोजायचे. हशा थांबला की आकडा वहीत. प्रत्येक विनोदाला एक पान, प्रत्येक सालाला एक ओळ. सुरुवातीची सालं निजामाच्या फसली सनातली, पुढची इंग्रजी. घड्याळ का वापरत नाही म्हणून मी विचारलं होतं. म्हणाले, "घड्याळ अंधारात दिसत न्हाई. नाडी दिसते." आणि प्रेक्षकांकडं का बघत नाही? "चेहरे बघितले की मानूस भुलतो. हशा कानानंच मोजायचा."

मी त्यांच्या ओळखीत आले एकोणपन्नास साली. तेव्हा मी तीस वर्षांची, विधवा होऊन चार वर्षं झालेली, जुन्या जालन्यात थोरल्या दिरांच्या घरी राहत होते. शिवण येत होतं. मुलींच्या शाळेला शिवणाची बाई हवी होती. ते मास्तरांना कळलं आणि एके दिवशी सकाळी दहाला ते आमच्या दारात उभे.

"बाईला शाळेत पाठवा. शिवण शिकवतील."

दीर म्हणाले, "आमच्या घरच्या बाया नोकरी करत न्हाईत, मास्तर."

"बराबर," म्हणून मास्तर निघून गेले. दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा हजर. या वेळी एकच शब्द, "आज?"

"न्हाई म्हनलं न!"

"बराबर."

असं अकरा दिवस चाललं. वाद नाही, विनवणी नाही, चहालाही बसले नाहीत. दहाचा ठोका पडला की दारात शेरवानी आणि "आज?" शेजारचे लोक हे बघायला ओट्यावर येऊन बसायला लागले. अकराव्या दिवशी दीर वैतागून म्हणाले, "घेऊन जा एकदाचं! या माणसापायी मला गल्लीत तोंड दाखवायची सोय राह्यली न्हाई." मास्तरांनी खिशातून एक फुटाणा काढून दिरांच्या हातावर ठेवला.

त्या नोकरीनं मी उभी राहिले. दोन वर्षांत शाळेजवळ स्वतःची खोली घेतली. बदल्यात मास्तरांनी एकच काम मागितलं, नाटकाचे कपडे. मुलीची साडी, वडिलांचा कोट, आणि मुनिमांची चोळी. "चोळी सैल पाहिजे बाई, कापूस भरायचा आहे. नजरेत भरली पाहिजे." मी भरून द्यायची. लोकांना हसवायची विधवा दरवर्षी एक विधवाच शिवत होती, हे मला समजत होतं. पण काम ते काम. चोळीची शिवण एकदाही उसवली नाही. मात्र नाटक मी कधी पाहिलं नाही. गाठोडं शेडच्या दारात देऊन घरी यायची.

छप्पन्न साली मार्चमध्ये सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर शाळेत आले. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी माझ्या वर्गात होती, हाताला चांगली, पण गाठ मारायला आळशी. मला वाटलं, तिच्याबद्दल बोलायला आलेत. ते टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"पोरगी तुमच्यापाशी रमते, बाई."

"रमते. काम अर्धं टाकते."

"ते मी बी टाकतो," ते म्हणाले. मग टोपीची घडी घालत, "माझी आष्टीला बदली झाली. पुढच्या महिन्यात निघायचं. मी मनलं, निघायच्या आधी एकदा इचारून घ्यावं. तुम्ही लग्न करता का माझ्याशी?"

मी सदतीस वर्षांची होते. असा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी थेट मला विचारला होता. पहिल्या लग्नात तो माझ्या वडिलांना विचारला गेला होता. मी म्हटलं, कळवते.

माणूस मला बरा वाटत होता. दारू नाही, आवाज चढवत नाही, मुलीची वेणी स्वतः घालतो. कायदा आड येत नव्हता. देवाशी माझं मी बघून घेतलं असतं. अडचण एकच होती, लोकांची. मी सुईच्या कामावर जगणारी बाई. लोक ज्या बाईला हसतात तिच्याकडं लेकीबाळींची मापं द्यायला येत नाहीत. आष्टी काही विलायत नव्हे. मी जायच्या आत जालन्याहून गोष्ट तिथं पोचली असती. तेव्हा मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की लोक किती हसतील. आणि जालन्यात याचा हिशेब ठेवणारा माणूस एकच होता.

मास्तरांची खोली किराणा दुकानाच्या माडीवर. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मोठ्यानं बाई, मोठ्यानं. कायदा म्हणजे कायदा." म्हणून मला तेच सगळं पुन्हा ओरडून सांगावं लागलं. "कंपाउंडर लग्नाचं विचारतात!" हे मी म्हणाले तेव्हा खाली दुकानदाराचा तराजू थांबला. पण आता बोलणं अर्ध्यावर सोडण्यात अर्थ नव्हता.

"मला एवढंच सांगा, लोक किती हसतील?"

मास्तरांनी दोन फुटाणे खाल्ले. "सवाल बराबर आहे. दुसरं कोणी असतं तर विचारलं असतं, धरम काय म्हनतो. तुम्ही कामाचं विचारलं." मग उठून वही आणली आणि विधवेचं पान उघडलं.

"बघा. तेराशे सेहेचाळीस फसली. एकेचाळीस ठोके. एकोणपन्नास साली तीस. एक्कावनला बावीस. त्रेपन्नला बारा. चोपन्नला पाच. आणि गेल्या साली?"

मी वाकून पाहिलं. शून्य होतं.

"शून्य! मुनीम तसेच, चोळी तीच, वाक्य तेच. लोक बदलून राह्यले, बाई." त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी पान उलटलं. "हे पोरीच्या पत्राचं. पूर्वी पोरगी चोरून पत्र वाचायची तं छत्तीस ठोके हसायचे. बाप लोक मांडीवर थापा मारायचे. आता दोन! पोरीला मन असतं हे जालन्याला कळालं. विधवेला असतं हे बी कळालं. यात माझं मत न्हाई, वहीचं आहे."

"म्हणजे करू?"

"मी कशाला सांगू? यंदा बायकांच्या खेळाला या. माझ्या बाजूला बसा. शून्य सोताच्या कानानं ऐका आणि मंग ठरवा."

मी कंपाउंडरांना निरोप धाडला, की शनिवारी बायकांचा खेळ आहे, रविवारी सकाळी उत्तर देते. ते सोमवारी सामान घेऊन निघणार होते.

शनिवारी अडीच वाजता मी मास्तरांच्या स्टुलाशेजारी खोक्यावर बसले. पडद्याच्या फटीतून मला बायका दिसत होत्या. माझ्या जाऊबाई तिसऱ्या रांगेत, पदरानं वारा घेत. शाळेतल्या मुली पुढं, त्यांत कंपाउंडरांची मुलगी. मास्तर मनगटावर बोटं ठेवून बसले.

पहिल्या अंकात मुलगी पत्र वाचायला लागली. आणि खरंच कोणी हसलं नाही. लेकरं सोडली तर शेडमध्ये चिटपाखरू नसावं अशी शांतता. मागून एक म्हातारी म्हणाली, "वाच बाई, जल्दी वाच, बाप येऊन राह्यला." मास्तरांनी डोळे उघडून वहीत शून्य मांडलं आणि माझ्याकडं पाहिलं. मला हायसं वाटलं. वही खरं बोलत होती.

दुसऱ्या अंकात मुनीम आले. लाल लुगडं, मी कापूस भरलेली चोळी, वेणीत फूल. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाले, "माझ्याही जिवाला कुणी विचारावं की नाही?"

हशानं शेड कोसळायची तेवढी बाकी राहिली. बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकून हसत होत्या. मुली टाळ्या पिटत होत्या. या सगळ्यात जाऊबाईंचं हसणं वेगळं ओळखू येत होतं, पितळी घागर जिन्यावरून गडगडत यावी तसं. मी मास्तरांकडं पाहिलं. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल ऐकणाऱ्याची उत्सुकता. पत्रे दणाणत होते आणि ते वाट बघत होते. मग त्यांनी डोळे उघडले, वहीत काळजीपूर्वक शून्य काढलं, आणि वही माझ्यासमोर धरली.

मास्तरांना ऐकू येत नव्हतं. सात वर्षांत आटला होता तो त्यांचा कान, जालन्याचा हशा नव्हे. मोठ्यानं बोलायचा कायदा, पाढ्यांची आरडाओरड, सगळं एका क्षणात उलगडलं. त्यांना स्वतःला ते माहीत होतं का? मला वाटतं, नव्हतं. लोक हळूहळू शहाणे होताहेत यावर त्यांनी मनापासून विश्वास ठेवला होता, आणि त्या विश्वासावर मला इथं आणून बसवलं होतं.

मी मान डोलावली. मला खोटं बोलता येत नाही, पण मान डोलावणं म्हणजे बोलणं नव्हे.

हशा अजून चालूच होता. काय करावं ते सुचेना म्हणून मी दोन बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली. सुरुवातीचे निसटले असतील ते धरून सव्वीस ठोके झाले. माझी नाडी तेव्हा जोरात असणार, म्हणजे चार-पाच कमीच धरा. मग नोकर ताट घेऊन आला, घसरला, आणि लोक त्याला हसायला लागले. विधवेपेक्षा जास्त. शेवटच्या अंकात मुलीचं लग्न लागलं तेव्हा त्याच बायका डोळे पुसत होत्या.

बाहेर जाऊबाई भेटल्या. "कसलं हसवलं गं मुनिमानं! पोट दुखून राह्यलं माझं."

मी विचारलं, "त्या बाईचं शेवटी काय झालं?"

"कोन्त्या बाईचं?"

"विधवेचं."

जाऊबाईंनी विचार केला. मुद्दाम नाही, खरोखरच आठवून पाहिलं. "काय की बाई. ती पुढं आलीच न्हाई नं नाटकात." आणि मग, "चल, दूध यायची वेळ झाली."

त्या नाटकातल्या बाईला सगळे पोटभर हसले होते, आणि तासाभरात तिचं काय झालं ते कोणाच्या लक्षातही नव्हतं. लिहिणाऱ्याच्याही नव्हतं. घरापर्यंतच्या रस्त्यात मी एवढाच विचार केला. हसण्याला घाबरून मी खोलीत बसून राहिले असते, तरी लोकांनी मला तेवढंच लक्षात ठेवलं असतं.

मास्तरांना मी खरं कधीच सांगितलं नाही. पुढं एकदा कंपाउंडरांनी शहरातून कानाला लावायचं नळकांडं आणवून त्यांना दिलं. मास्तरांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत केलं. "मला बिलकुल साफ ऐकू येतं. लोकच हळू बोलून राह्यलेत." त्यात ते फुटाणे मात्र भरून बघत होते. शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिलं, की आपलं गाव प्रेमाला आणि लग्नाला हसायचं विसरलं. मुलीच्या पत्रापुरतं ते खरं होतं. माझ्यापुरतं नव्हतं. पण जो माणूस अकरा दिवस दारात उभा राहिला, त्याच्या वहीतली एक चूक पोटात घालायला मला जड गेलं नाही. ती चूक नसती तर मी त्या खोक्यावर जाऊन बसलेच नसते, आणि तो हशा किती ठोके चालतो, हे मला कधी कळलं नसतं.

रविवारी सकाळी सात वाजता मी दवाखान्यामागच्या क्वार्टरवर गेले. कंपाउंडर ओसरीत बसून औषधाच्या बाटल्या खोक्यात भरत होते. मुलगी सुतळी कापून देत होती.

"गवत कमी पडतंय," मी म्हणाले. "अशा नेल्या तर अर्ध्या वाटेत फुटतील."

ते उठून उभे राहिले. "बाई, मी जे इचारलं होतं..."

"लक्षात आहे. लोक हसतील."

"हसतील," ते म्हणाले. "मला बी वाटलंच होतं."

"आठ दिवसांची मुदत मागून घ्या. आधी लग्न, मग गाडी. माझ्या दोन ट्रंका आहेत आणि शिवणाचं मशीन. मशीन गाडीत आडवं टाकायचं नाही."

त्यांनी ट्रंका, खोकी आणि मशीन मनातल्या मनात गाडीत रचून पाहिलं असावं. "मंग एका गाडीत भागत न्हाई," असं म्हणून त्यांनी टोपी घातली आणि गाडीवानाकडं निघाले. मी खोकं रिकामं केलं, मुलीला जवळ बसवलं, आणि गवत घालून बाटल्या पहिल्यापासून भरायला घेतल्या.